विलायतेतले पोयनाड

भात निघून गेल्यावर आमच्या किहीमकडची खाचरे फार काळ रिकामी राहत नाहीत. जमिनीत उरलेली ओल धरून तिथे पांढऱ्या कांद्याची रोपे लागतात आणि माघ सरत आला की तो कांदा उपटून सावलीत पसरला जातो. पात सुकून मऊ झाली म्हणजे बायका अंगणात पाय पसरून बसतात आणि त्या पातीचीच वेणी घालीत कांद्यांच्या माळा विणतात. यंदाही तसेच चालले आहे. मी ओटीवर बसून पाहत असतो. पाहण्यापलीकडे या कामात मी कधी काही केले नाही आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून पाहण्याचाही शीण येतो.

दरवर्षी या अंगणात मधोमध बसणारी बाई मात्र यंदा नाही. माझी पत्नी द्वारका दसऱ्यानंतर परळला, आमच्या लेकीच्या, इंदूच्या, बाळंतपणासाठी गेली, ती अजून तिकडेच आहे. बाळ आता पालथे पडू लागले, असे येणारेजाणारे सांगतात. निघताना ती म्हणाली होती, बघू किती दिवस लागतात ते. मी म्हणालो होतो, तुला हवे तितके राहा, इकडची काळजी करू नकोस. त्या वेळी हे बोलणे मला उदार वाटले होते.

शेजारच्या खलाटीत, सखल भातजमिनीच्या कडेला राहणारी चंद्राबाई यंदा माळा विणायला आली आहे. तिची बोटे चालू असताना तोंडही चालते. काल तिने मान वर न करताच विचारले, "मास्तर, वयनी कवा येनार?"

मी म्हटले, तिला हवे तितके राहू दे.

"तुमी बोलवलं का न्हाय त्यांना?"

मी चष्मा पुसू लागलो. तेव्हा तिने शेजारच्या बाईकडे पाहून, पण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हटले, "शालेत समद्यांची हजेरी घेतली मास्तरांनी. घरातलीच ऱ्हायली."

दोघी हसल्या. मीही हसलो. मग पातीचा तो सुका, किंचित गोडसर वास वाऱ्याबरोबर ओटीवर आला आणि माझे मन इथून उठून फार दूरच्या एका बाजारात जाऊन उभे राहिले. तिथेही एका आडव्या दांडीला कांद्यांच्या माळा टांगलेल्या होत्या.

*

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षे झाली असतील. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मला एक वर्ष इंग्लंडला राहण्याची संधी मिळाली. द्वारकेचा भाऊ बोटीवर कामाला होता, त्याच्या खटपटीने तिचीही जाण्याची सोय झाली. आमची इंदू तेव्हा सहा वर्षांची, तिला थळला आजीपाशी ठेवले. निघताना इंदू रडली नाही. अंगणात चिंचोके मांडून खेळत होती, तिने मान वर करून "टाटा" केले आणि पुन्हा चिंचोक्यांत रमली. ती रडली असती तर बरे झाले असते, असे द्वारका बोटीवर कितीदा तरी म्हणाली.

त्या वर्षाची मला आठवण होते ती ओल्या लोकरीच्या वासाने. सगळे कपडे सदैव दमट असत. युद्ध संपून वर्षे लोटली तरी साखर-लोणी मोजून मिळे आणि आम्ही ज्या घरात खोली घेऊन राहत होतो तिथली विधवा घरमालकीण बटाट्याच्या सालीसुद्धा वाया जाऊ देत नसे. मी सकाळी जाई तो दिवे लागल्यावर परत येई. द्वारका दिवसभर खिडकीशी बसे. समोर एक विटांची भिंत होती आणि तिच्यावर एक वेल. तो वेल हिरवा होता तो तांबडा झाला, मग त्याची पाने गळू लागली. ते सगळे तिने एकटीने पाहिले. मी संध्याकाळी विचारी, आज काय केलेस? ती म्हणे, वेल पाहिला.

एके दिवशी ती म्हणाली, भावाची बोट पुढच्या महिन्यात मुंबईकडे फिरते आहे, त्याने जागा पाहून ठेवली आहे, जाऊ का? मी पुस्तकातून डोके काढले. तिने जाऊ नये असेच मला वाटत होते, हे आज लिहिताना मी नाकारणार नाही. परंतु मी स्वतःला सुधारलेला, समजूतदार नवरा समजत होतो. बायकोवर हुकूम चालवणारे पुरुष मी आमच्या घराण्यात पुष्कळ पाहिले होते आणि त्यांच्यासारखे व्हायचे नाही, हे माझे व्रत होते. म्हणून मी शांतपणे म्हणालो, "तुला जायचे असेल तर जा. मी आडकाठी करणार नाही."

तिने एकदा माझ्याकडे पाहिले. मग उठून तिने टेबलावरच्या दिव्याची काच पुसली.

त्यानंतर ती रोज थोडीथोडी आवराआवर करी. आज एक लुगडे घडी करून पेटीत, उद्या इंदूसाठी घेतलेली बाहुली. पेटी कधी पूर्ण भरत नसे आणि कधी बंदही होत नसे. घरमालकिणीने ते पाहिले असावे. ती मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाली की जाण्यापूर्वी तुमच्या पत्नीला आमच्याकडचा एखादा जुना बाजार तरी दाखवा. जवळच, बसने दोन तासांवर, बाजाराचे एक प्राचीन गाव आहे, आठवड्याच्या बाजारादिवशी सकाळी गेलात तर संध्याकाळी परत याल. तिने स्वतः आम्हांला पाव आणि उकडलेली अंडी बांधून दिली.

*

त्या गावाचे नाव इथे लिहीत नाही. द्वारकेच्या जिभेवर ते कधी नीट बसलेच नाही. पुढे कधी आठवण निघाली की ती त्याला, आमच्याकडच्या बाजाराच्या गावावरून, "विलायतेतले पोयनाड" म्हणे आणि मलाही आता ते तसेच आठवते.

गाव टेकडीच्या उतारावर होते. दगडी चौक, त्याच्या एका अंगाला उंच मनोऱ्याचे चर्च, बाकीच्या तिन्ही अंगांना काळ्या लाकडी तुळयांची घरे. त्यांच्यामधल्या अरुंद गल्ल्यांतली काही इतकी पुढे कललेली, की वरच्या खिडकीतून समोरच्या घरी मीठ मागता यावे. चौकाच्या मधोमध आठ दगडी खांबांवर उभारलेली एक छत्री होती. त्या छत्रीखाली पूर्वी खेड्यांतल्या बायका लोणी आणि अंडी विकायला बसत. चौकभर कापडी छपरांची दुकाने लागली होती. सफरचंदे, कोबी, जुनी भांडी, रबरी बूट, पिंजऱ्यातली बदके. पलीकडे लाकडी आडोशांत मेंढ्या उभ्या होत्या आणि एक मनुष्य इतक्या भरभर बोली पुकारत होता, की मला, इंग्रजी शिकवणाऱ्याला, त्यातले अक्षर कळेना. वरून पाऊस म्हणता येणार नाही अशी ओल खाली उतरत होती.

मी हातात माहितीची पुस्तिका धरून द्वारकेला सगळे समजावून सांगत होतो. सातशे वर्षांपूर्वी राजाने या गावाला बाजार भरवण्याची सनद दिली, लोकरीच्या व्यापाऱ्यांनी ते चर्च बांधले, अमुक खिडकीची काच अमुक शतकातली. ती माझ्यामागून चालत होती. नऊवारी लुगडे, त्यावर घरमालकिणीच्या दिवंगत पतीचा घोट्यापर्यंत येणारा कोट आणि पायांत माझे जाड मोजे. लोक पाहत, आणि आपण पाहत आहोत हे लक्षात आले की सौजन्याने दुसरीकडे बघत. एक म्हातारा तर टोपी काढून तिला वाकून नमस्कार करता झाला. तिने मला विचारले, हा मला ओळखतो का?

छत्रीपाशी आल्यावर मी खांबांवरच्या कोरीवकामाविषयी वाचू लागलो. वर पाहिले तर ती शेजारी नव्हती. ती छत्रीच्या पायरीवर बसली होती, कोट सावरून, पाय जरा पसरून, अंगणात बसते तशी. पायरीचा दगड मधोमध खोलगट झाला होता. त्यावरून हात फिरवीत ती म्हणाली, "बसून बसून झिजलाय हो. किती बायका बसल्या असतील इथे." आणि मग, "लोणी खपलं नाही तर संध्याकाळी परत नेत असतील का? की पडत्या भावात देऊन टाकत असतील?"

माझ्या पुस्तिकेत हे नव्हते.

तिथून तिला त्या माळा दिसल्या. समोरच्या दुकानात, आडव्या दांडीला, तांबूस सालीच्या मोठमोठ्या कांद्यांच्या. ती उठली आणि माझी वाट न पाहता तिकडे गेली. इतक्या महिन्यांत तिला इतक्या चपळाईने चालताना मी पाहिले नव्हते. तिने एक माळ तळहातावर तोलली, वेणीत अंगठा घालून पाहिला. "सैल घातलीय," ती म्हणाली. पण तिचे डोळे हसत होते. "पण घातलीय आपल्यासारखीच. घेऊ या? विचारा तरी."

दुकानदारीण साठीची, लाल गालांची, डोक्याला रुमाल बांधलेली बाई होती. मी भाव विचारला, तिने सांगितला. तसा तो एका पाटीवर खडूने लिहिलेलाच होता. मी द्वारकेला सांगितला.

"निम्मा म्हणावं."

मी हळूच म्हणालो, इथे असे करीत नाहीत.

"म्हणून तर बघा."

मी ते बोललो नाही. निम्म्याने द्या, हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. माझ्या शाळेची, माझ्या देशाची, माझ्या इंग्रजीची सारी अब्रू त्या कांद्यांच्या माळेला टांगली आहे, असे मला वाटले. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, की माझ्या पत्नीला ती किंचित महाग वाटते. बाई नम्रपणे म्हणाली, भाव तोच आहे. द्वारकेला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तिने माळ अलगद दांडीला परत अडकवली, कोटाची बटणे सारखी केली आणि ती चालू लागली.

ज्याने आमच्याकडचा बाजार पाहिला आहे त्याला हे चालणे सांगायला नको. फार भरभर चालले तर विकणारी समजते की गिऱ्हाईक गेले, फार सावकाश चालले तर तिला कळते की गिऱ्हाईक अडले आहे. त्या दोहोंच्या मधली ती चाल असते. पाठ फिरवलेली असते, कान मागे असतात. दोन दुकाने ओलांडायच्या आत मागून हाक येतेच, "अगो बाय, ये गो, कुठं चाललीस रागावून?" आणि मग दोघी थोड्या थोड्या उतरतात, थोड्या थोड्या चढतात आणि दिवसभराचे बोलायचे सुखदुःखही त्यातच बोलून घेतात. द्वारका या विद्येत निष्णात होती. पोयनाडच्या बाजारात तिला परत न बोलावणारी बाई मी पाहिली नव्हती.

ती चालत गेली. दोन दुकाने ओलांडली. बदकांचे पिंजरे ओलांडले. मी दुकानापाशीच उभा राहून दिलगिरी व्यक्त करीत होतो आणि दुकानदारीण पुढच्या गिऱ्हाइकाला कोबी देत होती. छत्रीपाशी पोचल्यावर द्वारका थांबली. आमच्याकडे तिची पाठ होती. त्या मोठ्या, काळ्या, परक्या कोटात ती अगदी लहान दिसत होती. ती वाट पाहत आहे, हे त्या सबंध चौकात एका मलाच कळत होते.

मी तिच्यापाशी गेलो. तिने समोर बघतच विचारले, "इथे मागं बोलावत नाहीत का कुणी?"

मी म्हणालो, भाव लिहिलेला असतो. घ्यायचे त्याने घ्यावे, नको त्याने जावे. त्यात अपमान कसलाच नसतो.

"म्हणजे तुमच्यासारखं," ती म्हणाली.

मला वाटले ती रागावली आहे. पण तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. ती म्हणाली, "मी महिनाभर निघालेय. एक लुगडं भरते आणि थांबते. बाहुली भरते आणि थांबते. तुम्ही आपले म्हणता, जा, आडकाठी नाही. अहो, आडकाठी नको, हाक तरी मारायची."

एवढे बोलून ती बसच्या थांब्याकडे निघाली. या वेळी ती खरोखरच चालत होती. ती मधली चाल आता नव्हती.

आमच्या पिढीत बायकोला नावाने हाक मारण्याची रीत नव्हती. घरात "अगं", "ऐकलंस का", आणि चारचौघांत तेवढेही नाही. लग्नाला दहा वर्षे झाली होती आणि उघड्यावर, दहा माणसांच्या देखत मी तिचे नाव एकदाही उच्चारले नव्हते. थळला सासुरवाडीच्या दारात उभा राहूनही मी नुसता खाकरत असे. त्या चौकात मात्र नुसत्या खाकरण्याने कोण वळणार? ती मेंढ्यांच्या आडोशापर्यंत पोचली होती. बोली पुकारणाऱ्याचा आवाज चालूच होता.

मी हाक मारली. "द्वारके!"

माझा आवाज वर्गातला होता. मेंढ्यांजवळची माणसे वळली, बोली पुकारणारा क्षणभर थबकला, दुकानदारिणीने कोबीवरून मान वर केली. द्वारका थांबली. वळली मात्र नाही. मी पुन्हा हाक मारली. मग तिने सावकाश, अगदी सावकाश मान फिरवली. पहिल्या हाकेला वळले तर भाव पडतो, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

मी जवळ गेलो. तिने पदर डोक्यावर सारखा केला आणि आमच्याकडच्या कुठल्याही बाजारातल्या बाईने विचारावे तसे कोरडेपणाने विचारले, "बोला. काय देता?"

मला पुष्कळ बोलता आले असते. इंदूचे, अभ्यासाचे, प्रवासाच्या दगदगीचे. मी एवढेच बोललो, "मला एकट्याला नाही गं जमायचं."

"एवढंच होतं," ती म्हणाली, "तर महिनाभर कोट घालून कशाला फिरवलंत मला?"

आम्ही परत फिरलो. या वेळी द्वारका एकटी दुकानापाशी गेली, तीच माळ काढली आणि लिहिला होता तोच भाव दिला. दुकानदारिणीने काय ताडले कोण जाणे. तिने माळ कागदात गुंडाळली, द्वारकेच्या तोंडाकडे एकवार पाहिले आणि टोपलीतून एक सुटा कांदा उचलून वर ठेवला. द्वारकेने माझ्याकडे असे पाहिले, की जणू सातशे वर्षांचा तो बाजार शेवटी तिनेच जिंकला.

परतीच्या बसमध्ये ती माळ मांडीवर घेऊन झोपली. बसच्या काचा धुक्याने आंधळ्या झाल्या होत्या. कांद्याचा वास दरवळू लागला तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईंनी दोनदा वळून पाहिले. मी पुस्तिका उघडली नाही.

*

ती पेटी त्या रात्री रिकामी झाली. भावाची बोट तिच्यावाचून गेली. इंदूचा विरह काही त्यामुळे कमी झाला नाही. द्वारका हिवाळाभर अनेकदा रडली आणि तिला थांबवून घेणे तिच्या सुखाचे होते की माझ्या सोयीचे, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारतो. परंतु ती राहिली ती माझ्या हाकेने, एवढे खरे. माळ आमच्या खोलीत खिडकीच्या खुंटीला टांगलेली होती, बाहेरच्या वेलाच्या समोर. कांदे एकेक करून उतरत गेले. शेवटी नुसती सुकी वेणी उरली, तीही तिने टाकली नाही. वसंतात आम्ही दोघे एकाच बोटीने परत आलो.

माणसाचा स्वभाव मात्र एका हाकेने बदलत नाही. एकदा बोलावले म्हणजे जन्माचे काम झाले, असे मी समजून चाललो. इथे आल्यावर शाळा, परीक्षा, इंदूचे लग्न, भातशेतीचे वाद. पुन्हा मी "अगं" आणि "ऐकलंस का" वर आलो, आणि मग त्याचीही गरज उरली नाही. चहा न मागता येई, पाणी न मागता येई. अंगणात ती बोलत असे, ओटीवर मी वाचत असे. तिने कितीदा असे दोन पावलांवर थांबून कान मागे ठेवले असतील, मला सांगता येणार नाही. मी तिकडे पाहत नव्हतो. दसऱ्यानंतर ती परळला निघाली तेव्हा, रेवसच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचमध्ये चढताना तिने फळीवर पाय ठेवला आणि ती क्षणभर तशीच उभी राहिली. मला वाटले, ती तोल सावरते आहे. मी म्हणालो, सावकाश.

चंद्राबाईच्या बोलण्याने मला काल हे सगळे दिसले. मी आज पहाटे वाडीत गेलो, नारळीखाली उभा राहिलो आणि ते नाव घेऊन पाहिले. घशातून घरघर तेवढी निघाली. पुष्कळ दिवस न उघडलेल्या दाराची कडी काढताना होते तशी.

दुपारी मी धुतलेले धोतर नेसून अंगणात आलो तेव्हा चंद्राबाई काय ते समजली. ओळीने ठेवलेल्या माळांतून एक निवडून तिने माझ्या हातांत दिली. "ही वयनींच्या हातची न्हाय, सांगा त्यांना. म्हनावं, या नि आमची सैल पडलेली वेनी खेचा."

एस.टी.ने रेवसला आलो. भरती होती. लाँच अजून यायची होती आणि धक्क्यावर मुंबईला जाणाऱ्या टोपल्यांची गर्दी होती. माझ्या खांद्यावरची माळ पाहून एका कोळणीने भाव विचारला. विकायची नाही, मी म्हणालो. तिला ते खरे वाटले नाही. तिने एकदा माळेकडे, एकदा माझ्या धोतराकडे पाहिले, टोपली काखेत मारली आणि ती चालू लागली. भरभर नाही, सावकाशही नाही. बोय मासळीच्या टोपल्या ओलांडल्या, दोरांची वेटोळी ओलांडली. आणि थांबली, पाठ तशीच ठेवून.

मी वेणीतून एक कांदा तिला द्यायला सोडवून घेतला.

"अगो बाय," मी हाक मारली, "ये गो. कुठं चाललीस?"

धक्क्यावरची माणसे वळली. आवाज निघाला होता.